भरीव चाके

पिंपळडोह खाणीच्या अपघाताचा अहवाल इंग्रजीत होता. मॅनेजर वामनरावांनी तो नागपुरात सीताबर्डीच्या कचेरीत, टेबलापाशी उभ्या असलेल्या जागेश्वर फिटरला मराठीत सांगितला. त्यासाठी त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. मँगनीजच्या खाणीतली छोटी रेल्वे वीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी उतारावर खनिजाने भरलेले तीन टब, म्हणजे चाकांचे लोखंडी डबे, ताब्याबाहेर गेले. ते थांबवण्याच्या कामावरचा मजूर ईश्वरदास चाकाखाली सापडून जागीच मरण पावला. कारण, दसऱ्याच्या पूजेत स्त्रियांनी चाकांवर तेल ओतले होते व त्यामुळे चाके घसरली. मृताच्या पत्नीने तेल ओतल्याचे स्वतः कबूल केले असून जबाबावर तिचा अंगठा आहे. यापुढे कंपनीच्या गाड्यांची पूजा करण्यास मनाई असावी.

"झालं?" जागेश्वरने विचारले.

"झालं. त्या बाईवर कारवाई करावी असं चौकशी अधिकाऱ्यांच्या मनात होतं. मीच म्हटलं, अडाणी आहे बिचारी, जाऊ द्या."

जागेश्वरच्या कानशिलांत रक्त चढले. माणूस गेला, त्याचे मरण त्याच्या बायकोच्या नावावर लिहिले गेले, आणि हा मनुष्य त्याहून वाईट काही लिहू दिले नाही म्हणून आभाराची वाट पाहत होता.

"नव्या चाकायले आरे नव्हते, साहेब. ते यात कुठं आहे?"

वामनरावांनी कागदाची घडी घातली. "तसं कुणी विचारलं नाही. जबाबात तुम्हीही सांगितलं नाहीत."

ते खरे होते. जबाबाच्या दिवशी जागेश्वरला चार प्रश्न विचारले गेले होते. इंजिन ठीक होते का? ठीक होते. वाफेचा दाब ठीक होता का? ठीक होता. टबांची चाके आसावर कोणी बसवली? मी. चाकांवर तेल पाहिले का? पाहिले. चार खरी उत्तरे देऊन तो बाहेर पडला होता, आणि त्या चार खऱ्या उत्तरांचे मिळून एक धडधडीत खोटे तयार झाले, हे त्याला आज कळले.

"तेलाचाच दोष होता," तो म्हणाला, "तर मंग चौथ्या दिवसापासून टब दोर बांधून काहून उतरवून राहिले?"

"खबरदारी म्हणून. जागेश्वर, तुम्ही गुणी कारागीर आहात. इंजिनाचं काम तुम्ही असं केलंत की मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं. त्यावर पाणी फिरवून घेऊ नका."

इंजिनाचा उल्लेख झाला आणि जागेश्वरची मान, त्याच्या मनात नसताना, जराशी वर झाली. ती वर झाली हे जाणवताच त्याला स्वतःची किळस आली. तो जिना उतरला.

त्या इंजिनावर त्याने एकोणीसशे बावन्न सालचे सात महिने घातले होते. मंदीच्या वर्षांत खाण बंद पडली तेव्हा दोन छोटी इंजिने आणि बेचाळीस टब पळसाच्या रानात तसेच सोडून दिले गेले होते. कोरियातल्या लढाईमुळे मँगनीजचा भाव चढला आणि कंपनीला त्यांची आठवण झाली. दोन्ही इंजिने सुटी करून लकडगंजातल्या एका कारखान्यात आणली गेली. एकाचा बॉयलर शाबूत होता, दुसऱ्याची चौकट आणि सिलिंडर. जागेश्वरने त्यांचे एक इंजिन केले. वडिलांच्या मागावर तुटलेला धागा गाठ न दिसता जोडायला तो लहानपणी शिकला होता. माग गेला, तरी हाताची ती सवय गेली नव्हती. इंजिन पहिल्यांदा वाफेवर हलले तेव्हा ड्रायव्हर रुपराव म्हणाला होता, "दोन मेलेल्या म्हाताऱ्यायची एक नवरी केली गा तू. आता हिले नांदवाची मले हाये."

टबांचे काम त्यामानाने हमालीचे होते. त्यांची जुनी चाके ओतीव लोखंडाची, आऱ्यांची होती, आणि बहुतेक तडकलेली होती. वामनरावांनी युद्धातून उरलेल्या मालाच्या लिलावात भरीव चाके घेतली. ती मजबूत होती, अगदी मापाची होती. पहिला टब जोडून झाला त्या दिवशी जागेश्वरने सवयीने चाकाच्या पोटात हात घातला, आणि हात सपाट लोखंडावर आपटला.

या टबांना ब्रेक कधीच नव्हता. खाणीच्या तोंडापासून पायथ्यापर्यंत पाऊण मैल उतार होता. तिथे इंजिन चढत नसे. तीन-तीन भरलेले टब आपल्याच वजनाने खाली येत आणि इंजिन पायथ्याशी त्यांना जोडून घेई. शेवटच्या टबावर एक माणूस उभा असे. त्याच्याजवळ बाभळीचे हातभर लांबीचे सोटे असत. वेग वाढला की तो वाकून चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये सोटा खुपसी. चाक अडून रुळावर फरफटू लागे आणि टब थांबत. साऱ्या उतारावर थांबवण्याचे साधन तेवढे एकच होते. भरीव चाकात सोटा घालायला जागाच नव्हती.

जागेश्वरने त्याच दिवशी वामनरावांना हे सांगितले होते. खडूने फरशीवर आकृती काढून, टबाला हाताने ओढायचा दांडा आणि लाकडी गुटका कसा बसवता येईल तेही दाखवले होते. वामनराव म्हणाले होते, "उत्तम. सुरू झाल्यावर बसवू. दसऱ्याचा मुहूर्त चुकता कामा नये." जागेश्वरने खडू खिशात टाकला आणि तो इंजिनाकडे परतला. तिथे व्हॉल्व्ह बसवायचा होता आणि त्याचे सारे मन त्या व्हॉल्व्हमध्ये होते.

घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून रुख्माबाईने, त्याच्या बायकोने, पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानेच अहवालातले सारे सांगितले.

"तिले सांगू नका हे," ती म्हणाली. "ती आधीच तेलाले शिवत नाही."

"म्हणजे?"

"तुमाले काहीच दिसत नाही काय? चार घरं सोडून राहते ती. दोन महिने झाले, तुळजाबाईच्या घरात तेलाचा थेंब नाही. फोडणी नाही. पोरीच्या केसाले तेल नाही, जटा होऊन राहिल्या. दिवाळीले कोष्टीपुऱ्यात दिवा लागला नाही असं एकच घर होतं. मी पणती घेऊन गेली, तर म्हणे, बाई, माझ्या हातानं मी जवसाचं तेल वाटीभर ओतलं, अन् त्यानंच माझा माणूस गेला. आता कोणत्या हातानं वात भिजवू?"

जागेश्वर उभाच राहिला. दसऱ्याचा तो दिवस त्याला स्वच्छ आठवला. ईश्वरदासला खाणीवर कामाला त्यानेच लावले होते. माग बंद पडल्यावर दोन वर्षे मिळेल ते काम करणारा तो माणूस पहिल्या गाडीच्या शेवटच्या टबावर पागोटे बांधून उभा होता. तुळजाबाई खास नागपूरहून खाणीवर आली होती. घरात आवडते माणूस यायचे असले की उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल घालतात, तसे तिने टबाच्या दोन्ही बाजूंच्या चाकांवर तेल घातले. सगळे हसले होते. रुपराव म्हणाला होता, "वहिनी, माझ्या इंजनाले नाही काय वं?" आणि तिने उरलेली वाटी त्याच्या चाकावर रिकामी केली होती.

"तिनं असं मानलं तरी कसं?" जागेश्वर ओरडला. बायकोवर ओरडण्याचे काही कारण नव्हते.

"काहून न मानावं? साहेबानं विचारलं, तेल ओतलं काय? तिनं ओतलं होतं. दुसरं कारण तिले कोणी सांगितलं? तुम्ही सांगितलं?"

तो चपला घालून तसाच बाहेर पडला आणि तुळजाबाईच्या दारात उभा राहिला. ती दुसऱ्यांचे सूत रहाटावर उकलत बसली होती. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने चौरंग पुढे सरकवला. तो बसला नाही.

"तुळजाबाई, तेलानं काही झालं नाही. चाकंच खोटी होती."

"असू द्या, भाऊ."

"असू द्या नाही. खरं सांगून राहिलो."

"रुख्माबाईनं पाठवलं नं तुमाले? चांगली हाये ती." तिने रहाट थांबवला नाही. "मोठ्या साहेबानं लिहिलं, कागदावर लिहिलं. तो शिकलेला माणूस. तुम्ही माझं मन राखाले बोलून राहिले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचाच त्याला अधिक संताप आला. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि सांगणाऱ्यावर नव्हता. शब्दांनी हे उलगडणार नाही हे त्याला समजले. लोखंडाचे काम लोखंडानेच दाखवावे लागते.

"रविवारी माझ्यासंगं खाणीवर चला," तो म्हणाला. "रुख्माबाईलेही घेतो. मी बोलणार नाही. तुम्ही फक्त पाहा."

"तिथं मी पाय ठेवत नाही."

"मंग जन्मभर असंच बसा. पोरीच्या डोक्यात जटा वाढवा." हे बोलल्यावर त्याला लाज वाटली, पण शब्द परत घेतले नाहीत. तुळजाबाईने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले. त्या नजरेत राग होता.

"येते," ती म्हणाली.

रविवारी खाण बंद असे आणि चौकीदार बाजाराला जाई. रुपराव तिथेच राहत होता. त्याला आधी निरोप गेला होता. त्याने पायथ्याचे इंजिन दूर नेऊन ठेवले होते आणि उतार संपतो तिथे रुळांवर वाळूचा ढीग घातला होता. उतारावर, शंभर पावलांच्या अंतरात, तीन टब उभे होते आणि प्रत्येकाच्या चाकाखाली दगड लावलेला होता. दोन भरीव चाकांचे होते. तिसऱ्याची आऱ्यांची जुनी चाके तडकलेली नव्हती, म्हणून ती बदललीच नव्हती. तिन्ही टबांत सारखेच खनिज भरले होते.

"नोकरी जाईन गा तुही," रुपराव म्हणाला. "माही पण जाईन."

"तू घरी जाऊन बस."

"अन् मजा कोण पाहीन?" असे म्हणून तो हसला, पण टबाच्या कडेवरचा त्याचा हात निघाला नाही.

दोघी बायका रुळांपासून दूर, पळसाच्या सावलीत उभ्या होत्या. जागेश्वरने पहिल्या टबाची चाके रॉकेलने धुतली, सुताच्या गुंत्याने कोरडी केली आणि वर बारीक माती चोळली. मग तुळजाबाईला जवळ बोलावले. "हात लावून पाहा. तेल आहे?"

तिने दोन बोटे चाकावरून फिरवली. बोटांना कोरडी धूळ लागली. "नाही."

त्याने दगड काढला. टब आधी कुरकुरला, मग हलला. जागेश्वर सोटा घेऊन बाजूने धावला. चाकाच्या कडेवर त्याने सोटा दाबला, तो निसटला. पुन्हा दाबला, पुन्हा निसटला. वेग वाढला तसा त्याने सोटा सोडून दिला आणि बाजूला झाला. टब घणघणत खाली गेला, वाळूच्या ढिगात घुसला आणि उलटला. खनिजाची काळी धूळ झाडांच्या वर उठली.

दुसऱ्या भरीव चाकांच्या टबावर त्याने जवसाचे तेल ओतले, वाटीभर, चाकांच्या दोन्ही बाजूंना, तिने ओतले होते तसेच. तोही तसाच गेला, तेवढ्याच वेगाने, आणि पहिल्यावर जाऊन आदळला.

मग तिसरा. त्याच्या आऱ्यांच्या चाकांवर त्याने सारी बाटली रिकामी केली. तेल रुळावर गळत होते. दगड काढला, टब सुटला, आणि त्याने धावत जाऊन, वेग चांगला वाढू देऊन, दोन आऱ्यांच्या मध्ये सोटा खुपसला. सोटा चौकटीला अडला. चाक जागच्या जागी थांबले आणि रुळावर करकरत फरफटू लागले. टब वीस-बावीस हात घसरला, मग धापा टाकत असल्यासारखा उभा राहिला. रुपरावने पुढे जाऊन दगड लावला.

तुळजाबाई चालत त्या टबापर्यंत गेली. तिने चाकाला हात लावला. तळहात तेलाने माखला. दोन महिन्यांत प्रथमच तिच्या हाताला तेल लागले होते. तिने हात लुगड्याला पुसला नाही, तसाच समोर धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. रुख्माबाई पुढे होऊ लागली, तेव्हा जागेश्वरने तिला खुणेने थांबवले. तो दमला होता, पण आत कुठेतरी त्याला समाधान वाटू लागले होते. काम नीट झाले होते. रुपराव त्याच्याकडे कौतुकाने पाहत होता.

तुळजाबाई वळली.

"भाऊ, हे तुमाले केव्हा समजलं?"

या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. खोटे बोलणे सोपे होते. अपघातानंतर विचार करता करता समजले, असे सांगता आले असते, आणि तिने ते मानलेही असते.

"पहिला टब जोडला त्या दिवशी," तो म्हणाला.

"दसऱ्याच्या आधी?"

"दीड महिना आधी."

"पोरीच्या बाबाले माहीत होतं?"

"हाव. मीच सांगितलं. म्हटलं, आरे नाही, तर रुळावर, चाकाच्या समोर सोटा घाल. दांडा बसवेपर्यंत तसंच कर." "तसंच करताना त्याचा तोल गेला. वाकून घालावं लागते. खूप वाकावं लागते."

रुपरावने मान दुसरीकडे वळवली. त्याला हे माहीत नव्हते.

तुळजाबाईचा आवाज चढला नाही. "म्हणजे दोन महिने मी माझ्या हाताले शिव्या देऊन राहिली. सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही. पोर विचारते, माय, तू बाबाले काहून मारलं. दिवाळीले दिवा नाही. अन् तुम्ही चार घरं सोडून राहता. रोज माझ्या दारावरून कामाले जाता. इंजनाले तेल द्याले जाता."

"तुमचा अंगठा घेतला हे मले—"

"अंगठ्याचं नका सांगू. तुमचं सांगा. काहून नाही बोलले?"

त्याने खूप कारणे शोधली. साहेबाची भीती, नोकरी, कुणी न विचारलेला प्रश्न. ती सारी खरी होती, आणि त्या चार उत्तरांसारखीच होती.

"इंजन चांगलं झालं होतं," तो शेवटी म्हणाला. "लोक नाव घेऊन राहिले होते. त्यात हे मधात नको होतं."

"अहो," रुख्माबाई पुटपुटली.

"उद्या कचेरीत जाऊ," तुळजाबाई म्हणाली. "मले सांगितलं तसंच तिथं सांगा. पयले तुमचं, मंग त्या साहेबाचं. उलटं नाही."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि नागपूर येईपर्यंत बाहेर पाहत राहिली.

सोमवारी वामनरावांनी तिला आधी ओळखलेच नाही. ओळखल्यावर खुर्ची आणायला सांगितले. ती बसली नाही.

"बाई, चौकशी संपली आहे."

"तुमची संपली असन. मले माझं म्हणणं बदलवाचं आहे."

"त्यावर तुमचा अंगठा आहे."

"आहे नं. मी कुठं नाही म्हणून राहिली? तेल मीच ओतलं. पण त्यानं माणूस मेला असं मले तुम्ही सांगितलं. आता हे काय सांगतात ते लिहा."

जागेश्वरने सारे सांगितले, आधी स्वतःचे, मग साहेबांचे. वामनरावांनी त्याच्याकडे पाहिले. रविवारी उलटलेल्या दोन टबांची खबर त्यांना सकाळीच लागली होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला समजतं का, तुम्ही काय करता आहात? चाकं तुम्ही बसवलीत. सोटा रुळावर घाल असं तुम्ही त्याला सांगितलं, असं तुम्हीच म्हणता. दोष पहिल्यांदा तुमच्यावर येईल. मी तर सांगेन, फिटरने मला काही कळवलंच नाही. तुमच्याजवळ कागद आहे का?"

"नाही. खडूनं काढून दाखवलं होतं."

"मग?"

"मंग लिहा."

"मी लिहिणार नाही," वामनराव म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या कारकुनाने उचललेला टाक हळूच खाली ठेवला.

या टेबलावरचे सारे सामान एका हाताने खाली लोटावे, असे जागेश्वरला क्षणभर फार वाटले. तुळजाबाई त्याच्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात माया नव्हती, धीरही नव्हता. तो काय करतो एवढेच तिला पाहायचे होते. त्याने कारकुनाच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला आणि उभ्यानेच लिहू लागला. त्याचे अक्षर मोठे होते, शाळेत चौथीपर्यंत गिरवलेले. वामनराव दोनदा त्याचे नाव घेऊन थांबले. बाहेर रस्त्यावर टांग्यांचा आवाज चालू होता.

"काय लिहिलं ते वाचा," तुळजाबाई म्हणाली. "मले वाचता येत नाही."

त्याने वाचले. "मी जागेश्वर, पिंपळडोह खाणीच्या रेल्वेचा फिटर. ऑगस्टमध्ये पहिला टब जोडला त्याच दिवशी मला समजले की ही चाके उतारावर थांबवता येत नाहीत. ते मी मॅनेजरांना एकदा सांगितले. त्यांनी नंतर पाहू म्हटले. त्यानंतर मी गप्प बसलो."

"शेवटचं पुन्हा वाचा."

"त्यानंतर मी गप्प बसलो."

"हं," ती म्हणाली. "आता पुढं लिहा."